लांजा ते कुडाळ, चालक एडवर्ड

मिठबाव
१२ जानेवारी २०२५

पात्रांव,

दचकू नकोस, एडवर्ड, तुला पात्रांव म्हणजे मालक म्हणून हाक मारणारा मीच, अक्षर माझंच आहे. म्हातारपणात आणखी बिघडलंय एवढंच. फोन तू उचलत नाहीस, गेल्या चतुर्थीला सात वेळा लावला. शेवटी आपल्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातल्या प्रीतमकडून तुझा आरोंद्याचा पत्ता काढला आणि नातीच्या वहीतली पानं फाडून बसलो. ती आता माझ्या नावाने बोंब मारणार आहे.

आठ वर्षं आपण बोललो नाही. अठरा वर्षं एका केबिनमध्ये काढलेली माणसं आपण. एकाने स्टेअरिंग धरायचं, दुसऱ्याने मागच्या बाकावर घोरायचं, मालवण ते मुंबई आणि मुंबई ते मालवण. एवढा सहवास मला माझ्या बायकोचाही नाही, हे सत्यवती स्वतः ऐकवते. मग तो अपघात झाला, माझा पाय मोडला आणि गाडी कायमची सुटली. आपल्या गाडीतली ती पोर, रसिका, गेली. तू सहा महिने आत जाऊन आलास, लायसन गेलं, आणि बायकोच्या गावी आरोंद्याला तोंड लपवून राहिलास. तू शरमेने गेलास हे सगळे सांगतात. मी तुझ्याकडे एकदाही का आलो नाही, हे कोणी विचारत नाही. ते मला तुला सांगायचं आहे. सांगितल्याशिवाय मला मरण नको. पण ते आज जमणार नाही, आज एक गंमत सांगतो.

कुडाळला हायवेच्या कडेला एका मंगल कार्यालयात पुण्याच्या कॉलेजातल्या एका मुलीने गाडी मांडली आहे. मांडली म्हणजे अक्षरशः मांडली. मारुतीचं अर्धं धड, चाकं नाहीत, इंजिन नाही, समोर तीन मोठे पडदे आणि पडद्यावर रस्ता. आपण बसायचं, चावी फिरवायची, आणि रस्ता आपल्याकडे धावत येतो. गाडी जागची हलत नाही. सिम्युलेटर म्हणतात त्याला. लांब पल्ल्याच्या चालकांना बसवून ती बघते की माणसाला झोप येऊ लागली हे त्याच्या चालवण्यावरून गाडीला आधी कळेल का. डोक्याला वायरी नाहीत, आणि कॅमेरा आहे तो फक्त तिला नंतर पडताळून बघायला. फक्त हात स्टेअरिंगवर काय करतो आणि गाडी पट्ट्यांच्या मधोमध राहते की नाही, तेवढंच.

मुलगी पिंगुळीची आहे, अक्षया नाव. जुन्या चालकांना शोधत इथवर आली. मी म्हटलं, "गो चेडवा, एकतीस वर्सां गाडी चालवलंय. स्टेअरिंगार माका कदी झोप येवक नाय."

ती म्हणाली, "सगळे तसाच म्हणतत, काका. म्हणान तर मशीन हाडलंय."

जिभेला धार आहे तिच्या. तुला आवडली असती.

आधी एक फॉर्म भरून घेतला. गाडी चालवताना तुम्हाला कधी डुलकी लागली आहे का? मी लिहिलं, नाही. त्याखाली दुसरा प्रश्न होता, तुमच्या जोडीदार चालकाला लागली आहे का? तिथेही काहीतरी लिहिलं. असो.

उत्तर पाठव. शिव्या पाठवल्यास तरी चालतील.

तुझा
बाबली


मिठबाव
२ फेब्रुवारी २०२५

पात्रांव,

शिव्यासुद्धा आल्या नाहीत. बरं, मी एकटाच बोलतो. केबिनमध्ये तरी वेगळं काय होतं? मी बोलायचो आणि तू हूं करायचास.

पहिली फेरी झाली. रात्री नीट झोपायचं, जेवून दुपारी दोनला बसायचं आणि दीड तास चालवायचं. रस्ता इतका सरळ की आपल्या कोकणात तसला कोणी बघितला नसेल. वळण नाही, घाट नाही, मध्ये बसलेली गुरं नाहीत. दहा मिनिटांत मी सवयीने खिडकीतून थुंकायला मान बाहेर काढली, तर बाहेर कार्यालयाची भिंत आणि भिंतीवर कोणाच्या तरी लग्नाची झुरमुळं. अक्षया हसून हसून बेजार झाली.

नंतर तिने मला कॉम्प्युटरवर माझ्या हाताची रेघ दाखवली. जागा माणूस स्टेअरिंग कधीच गप्प धरत नाही म्हणे, रस्ता सरळ असला तरी. इवलंसं डावीकडे, इवलंसं उजवीकडे, सतत चाललेलं असतं आणि त्याचं त्यालाही कळत नाही. झोप जवळ आली की आधी हे इवलं इवलं थांबतं. हात गप्प होतो. गाडी हळूच एका अंगाला सरकते, मग माणूस दचकून मोठा हिसका देतो. पुन्हा गप्प, पुन्हा हिसका. डोळे मिटायच्या कितीतरी आधी हे सुरू होतं.

मला तुझे हात आठवले. मी तुला किती चिडवायचो, स्टेअरिंग धरतोस की भाकरीचं पीठ मळतोस म्हणून. आणि माझी ती फुशारकी! बाबलीचा हात हलत नाही, बाबलीच्या गाडीत पेल्यातला चहा हिंदकळत नाही. मालकही चारचौघांत सांगायचा. मी अक्षयाला हेच मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर ती वहीत काहीतरी लिहीत राहिली. कौतुक वगैरे काही केलं नाही.

तरी पहिल्या फेरीत माझी रेघ चांगली आली. झोप पुरी झाली होती.

एडवर्ड, एक सांगतो. त्या दिवशीचा तो चिऱ्यांचा ट्रक रस्त्याच्या कडेला बंद पडला होता. मागे फांद्या टाकलेल्या नव्हत्या, दगड लावलेले नव्हते. अर्धं धूड रस्त्यावर. जागा माणूसही त्याच्यावर गेला असता. कोर्टात हे कोणी नीट मांडलंच नाही, आणि तू तर उभा राहून सांगितलंस, "माका झोप लागली आसतली, सायबानू." कोणी विचारलं होतं तुला? डोक्याला एवढा मार बसलेला, तुला त्या दिवसातलं पनवेलनंतरचं काहीच आठवत नव्हतं. न आठवणारी गोष्ट कबूल कशाला करायची? त्या दिवशी मला तुझा राग आला होता. अजून येतो.

अभ्यास संपला की २३ मार्चला अक्षया चालकांचं शिबिर घेणार आहे. दोनशे चालक बोलावणार. ज्याच्या हातून असं काही झालंय त्याने स्वतः बोललं तर पोरं ऐकतील, असं तिचं म्हणणं. तिने तुझा पत्ता मागितला. मी दिला.

का दिला, मला विचारू नकोस. नाही म्हणायला काही कारण सांगावं लागलं असतं.

बाबली


मिठबाव
२० फेब्रुवारी २०२५

एडवर्ड,

आज गंमत नाही.

काल दुसरी फेरी झाली. यात आदल्या रात्री चारच तास झोपायचं असतं. मनगटाला पट्टा बांधतात, त्यात सगळं कळतं, लबाडी चालत नाही. दुपारी दोनला बसलो. तोच रस्ता, तेच पडदे. दर पाच मिनिटांनी अक्षया मागून विचारते, "काका, झोप किती?" एक म्हणजे टक्क जागा, नऊ म्हणजे आता आवरत नाही. मी दर वेळी दोन सांगत होतो. खोटं नव्हतो सांगत रे. मला खरोखर दोनच वाटत होती. मी खिडकीची काच खाली केली, थोडं गुणगुणलो, मानेवर हात फिरवला. नेहमीचं सगळं केलं.

उतरलो तेव्हा तिने खुर्ची पुढे केली आणि रेघ दाखवली.

सुरुवातीला बारीक दात होते, करवतीसारखे. मग ते विरळ झाले. मग एक हिसका, थोडी सपाट रेघ, पुन्हा हिसका. आणि एका जागी चार सेकंद काहीच नाही. सपाट. गाडी डावीकडची पट्टी ओलांडून बाहेर गेलेली. तिथे वर तिने माझा आकडा लिहून ठेवला होता. दोन.

"ह्या वक्ताक तू निजललंस, काका," ती म्हणाली. "डोळे उघडेच हुते. कॅमेऱ्यात दिसतत. पण तू नाय हुतंस."

मी म्हटलं, "माका आठवणा नाय."

"आठवाचा नाय ता. म्हणान तर लोक शप्पत घेवन सांगतत, मी जागो हुतंय."

मी बाहेर जाऊन कार्यालयाच्या पायरीवर बसलो. तिने सरबत आणून दिलं, ते तसंच हातात राहिलं. आठ वर्षं मी एका गोष्टीवर उभा होतो, की ट्रकचा दोष. डोळे उघडे होते तर झोप कसली. आता ते राहिलं नाही.

तुला आपली रीत आठवते का, एडवर्ड? पनवेलला निघतानाच ट्रिपशीट पूर्ण भरून टाकायचो. पनवेल ते लांजा, चालक बाबली. लांजा ते कुडाळ, चालक एडवर्ड. दोघांच्या सह्या आधीच. मधे कोण कागद काढत बसणार? लांज्याला चहाला थांबलो की चालवणाऱ्याने दुसऱ्याच्या पायावर दोन थापा मारायच्या. दुसरा उठायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि गाडी घ्यायचा. अठरा वर्षांत कागद आणि गाडी यांच्यात कधी फरक पडला नाही. कागदावर जे असेल तेच खरं, हे मालकालाही ठाऊक, पोलिसांनाही.

आणि आपली दुसरी रीत. चतुर्थीला माझ्या पाळ्या तू करायच्यास आणि नाताळला तुझ्या मी. त्या वर्षी मी दोन दिवस घरी होतो. गणपतीची खोली सारवली, रंगवली, मूर्तीच्या वर माटवी बांधली, तिला कांगण्यांची फळं, नारळ, सुपाऱ्या टांगल्या. झोपलो फार थोडा. तू दोन दिवस एकट्याने जादा गाड्या ओढल्यास आणि तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्या गाडीने पनवेलला येऊन तुझ्याबरोबर परतीच्या गाडीत चढलो. आपला क्लीनरही सणाला गेलेला. केबिनमध्ये तू, मी, आणि गाडी लागते म्हणून मी मागून उठवून पुढच्या सीटवर आणून बसवलेली रसिका. बाकी सगळे पडदे ओढून आपापल्या बर्थवर.

लांज्याला मी गाडी थांबवली. दुपारचे पावणेतीन वाजले होते. चहा घेतला.

तुझ्या पायावर थापा मारल्या का, हे तुला आठवत नाही. कसं आठवेल?

सत्यवती जेवायला हाक मारते आहे. उरलेलं मग लिहितो.

बाबली


मिठबाव
९ मार्च २०२५

एडवर्ड,

काल तुझ्या सँड्रीनाचं पत्र आलं. पाकिटावरचं नाव बघून दोन तास फोडलं नाही.

ती लिहिते, "बाबलीकाका, पप्पांना आता वाचता येत नाही. डोक्याच्या त्या माराने नजर हळूहळू गेली, एका बाजूचं थोडं दिसतं. तुमची पत्रं मी वाचून दाखवते. ते दोनदा वाचायला लावतात. हाताने पीठ मळण्याचं लिहिलंत तिथे मोठ्याने हसले. मी शाळेत शिकवून येते तेव्हा आधी पोस्टमन आला का हे विचारतात. तिसऱ्या पत्रानंतर म्हणाले, बाबल्याने मला उठवलं नसतं तर तो निजला असता आणि मग त्याच्याकडून झालं असतं, बरं झालं त्याने उठवलं, नाहीतर ते त्याच्या जिवाला लागलं असतं."

तू असं म्हणालास. माझं पत्र ऐकून तू हे म्हणालास.

आणि पुढे लिहिते की अक्षयाचा माणूस येऊन गेला, तू हो म्हणालास. २३ तारखेला दोनशे चालकांसमोर उभा राहून सांगणार, माझा डोळा लागला आणि एक पोर मेली. सँड्रीना तुला धरून स्टेजवर नेणार. त्यासाठी तिने शाळेत शनिवारची रजा टाकली आहे. "पप्पांनी पांढरा शर्ट धुऊन ठेवायला सांगितलाय," असं तिने लिहिलंय.

नको येऊस. ऐक माझं. एवढ्या लांबचा प्रवास तुला झेपणार नाही. उन्हं वाढली आहेत. शिवाय पोरं ऐकत नाहीत, मोबाईल बघत बसतात. अक्षयाला मी सांगतो, दुसरा कोणी मिळेल.

हे सगळं वाचून मला माझीच लाज वाटते. उन्हं वाढली आहेत म्हणे.

मी बुधवारी येतो. तुझ्या घरी, तुझ्यासमोर बसून सांगतो. पत्रात सांगायचं म्हणजे ते सँड्रीनाच्या तोंडून तुझ्या कानावर जाणार, आणि ते मला नको आहे. बुधवारी. नक्की.

बाबली


मिठबाव
१५ मार्च २०२५

सँड्रीना बाय,

हे पत्र तुला आहे. बाहेर ओट्यावर बसून आधी एकटी वाच. आईला जवळ बोलावलंस तर बरं.

बुधवारी मी आलो तेव्हा तू शाळेत होतीस. मी फाटकातून आत आलो, काही बोललो नाही, आणि तुझे पप्पा खुर्चीवरून उठून उभे राहिले. "बाबल्या! लंगडता तो आवाज तुझोच. इलंस रे?" मला मिठी मारली. केवढे वाळलेत. आपलं दार, आपली खुर्ची, आपला माड, सगळं हाताने चाचपून दाखवलं. तुझ्या आईने खाडीची काळुंद्रं तळली आणि मला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही.

शेजारचा एक माणूस आला. तुझ्या पप्पांनी त्याला माझी ओळख करून दिली, "हो माझो जोडीदार. ह्येचो पाय माज्यामुळा मोडलो, पण एका शब्दान माका कदी बोलूक नाय." तो माणूस माझ्याकडे आदराने बघायला लागला. मी मासा खात होतो.

मग त्यांनी मला रसिकाच्या आईबद्दल सांगितलं. दर वर्षी तिच्या तारखेला ते कसालजवळ तिच्या घरी जातात. पायरीवर बसतात. ती बाई काही बोलत नाही, पाण्याचा तांब्या ठेवते. पहिली दोन वर्षं तांब्याही ठेवला नव्हता. "गेल्या वर्सा म्हणाली, दुपारचा उनातून येव नको, सकाळी ये. बाबल्या, तिना माका ये म्हणून सांगला." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, माझी साडेतीनची गाडी आहे.

असा मी आहे, बाय.

घरी येऊन सत्यवतीला सांगितलं. जन्मात पहिल्यांदा. ती भात वाढत होती, तिने पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, "आठ वर्सां माज्या हातचा जेवलंस. एक डाव तरी सांगूचा हुता." मग म्हणाली, "पण माका कित्याक सांगतंस? मी खंय आत जावन इललंय?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आज सकाळी बोलली.

आता सगळं सांगतो. लांज्याला मी चहा घेऊन केबिनमध्ये आलो. तुझे पप्पा बाकावर गाढ झोपले होते, चप्पलसुद्धा काढली नव्हती. माझ्या घरी गणपती यावा म्हणून दोन दिवस या माणसाने डोळ्याला डोळा लावला नव्हता. मला दया आली. म्हटलं, राजापूरपर्यंत मीच नेतो. बस. चांगुलपणा म्हणून केलं मी ते. उठवलं नाही.

राजापूरच्या अलीकडे रसिका म्हणाली, "काका, जरा थांबूया का?" मला वाटलं तिला उलटी होतेय. म्हटलं, "आता राजापूर इलाच गो." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "काका, गाडी कडेला जातेय." मी हसलो. तिला म्हटलं, एकतीस वर्षांत माझा हात हलला नाही. अक्षयाचं मशीन आता जे सांगतं ते त्या पोरीला पुढच्या सीटवरून दिसत होतं. तिने दोनदा सांगितलं आणि मी ऐकलं नाही. त्यानंतरचं मला काहीच आठवत नाही. एकदम चिरे आणि काचा.

गावकऱ्यांनी आम्हा दोघांना पुढच्या काचेतून बाहेर काढलं. कोण कुठे बसलं होतं ते कोणाला माहीत? रत्नागिरीला हवालदार माझ्या खाटेपाशी आला तेव्हा त्याच्या हातात ट्रिपशीट होती. "लांज्यापासून एडवर्ड, बरोबर?" असं त्याने वाचून विचारलं. पलीकडच्या वॉर्डात तुझे पप्पा बेशुद्ध होते. डॉक्टर म्हणाले होते, हा काही उठत नाही. मला वाटलं, गेलेल्या माणसाला कोण आत टाकणार? मी मान हलवली. एवढंच केलं मी. तोंडाने एक शब्द नाही.

अकराव्या दिवशी ते शुद्धीवर आले. मला चाकाच्या खुर्चीवरून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी पहिलं काय विचारलं, ठाऊक आहे? "बाबल्या, गाडी मी चालवी हुतंय?" आणि मी हो म्हटलं. मान हलवली ती घाबरून हलवली असं मी स्वतःला सांगू शकतो. हे हो मात्र मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

आणखी एक आहे. ते सुटून आले तेव्हा कुडाळ स्टँडवर भर गर्दीत त्यांनी माझे पाय धरले. मोडलेल्या पायाला कपाळ लावलं आणि माफी मागितली. मी त्यांना उठवलं आणि म्हणालो, "जावंदे रे. माफ केलंय तुका." मी त्यांना माफ केलं, बाय! हे कुठल्या तोंडाने केलं मी? त्यानंतर मी आरोंद्याला कसा येणार होतो?

काल अक्षयाकडे गेलो आणि तो फॉर्म परत मागितला. डुलकी लागली का, यापुढचं नाही खोडून हो लिहिलं. जोडीदाराला लागली का, यापुढे मी हो लिहिलं होतं, ते खोडून नाही लिहिलं. तिने विचारलं, "काका, ह्या खरा?" मी हो म्हटलं. ती रडली. शिबिरात मी बोलेन असं तिला सांगितलंय. रसिकाच्या आईकडे सोमवारी जाणार आहे, सत्यवती बरोबर येते म्हणाली. हे पत्र पोलिसांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखव, खाली पूर्ण सही केली आहे, तारीख घातली आहे. यातलं एकही अक्षर मी मागे घेणार नाही.

तुझ्या तोंडून त्यांना हे ऐकावं लागणार, ते मला टाळायचं होतं. पण त्यांच्यासमोर बसून मला जमलं नाही, ते तू वर वाचलंस. २३ तारखेला ते स्टेजवर उभे राहायच्या आधी त्यांना कळायला हवं. म्हणून तुझ्या पाया पडून सांगतो, आता आत जा. त्यांच्या जवळ बस. त्यांचा हात धर आणि यापुढचं मोठ्याने वाच.

एडवर्ड, बाबली बोलतोय. लांज्याला मी तुला उठवलं नाही. गाडी मी चालवत होतो. झोप मला लागली. रसिका माझ्या हातून गेली. तू मागे बाकावर झोपला होतास, तुझ्या हातून काहीही झालेलं नाही. आठ वर्षं तू ज्याची माफी मागत फिरलास ते तू केलेलंच नाहीस.

सँड्रीना, झालं वाचून? पुन्हा एकदा वाच गो. पहिल्यांदा त्याला खरं वाटणार नाही, तो माझीच बाजू घेईल.

बाबली गोविंद राऊळ